दर्भाचा कावळा

आमच्या शेजारच्या अण्णांच्या दहाव्याला घाटावर पिंड मांडला होता आणि कावळा काही शिवत नव्हता. घरचे हात जोडून विनवत होते, "अण्णा, घर विकणार नाही." "अण्णा, आईला अंतर देणार नाही." मेलेल्याच्या मनातलं ओळखायला आपण किती जीव टाकतो!

मृत्युपत्र केलं त्या दिवशी याच अण्णांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "घराचं ठरलं, आता माझंही ऐका. मला नळ्या घालून जगवू नका." थोरला मुलगा म्हणाला, "शुभ बोला हो अण्णा," आणि घराचा वरचा मजला कुणाच्या वाट्याला, हा विषय पुन्हा काढला.

पुढे आयसीयूत अण्णा नाकातली नळी ओढायला लागले. नर्सने विचारलं, "हात बांधू का?" अण्णा मान हलवून नको नको म्हणत होते. त्यांच्या वतीने थोरला "हो" म्हणाला. तिथे त्यांची इच्छा कळायला कावळा लागत नव्हता.

ऊन चढलं, लोकांना भुका लागल्या. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून दिला. थोरल्याने तो पिंडाला टेकवला. अण्णांच्या वतीने पुन्हा एकदा त्यानेच "हो" म्हटलं.