सशाच्या पाठीवरचं तेल

कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागली की रसायनशास्त्राची प्रयोगशाळा कुलूपबंद होई. त्या वर्षी तिचा एक भाग आमच्या घरी आला. माझा नवरा कुंभकोणच्या त्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होता. सहा ससे, एक तराजू, कापडाच्या पट्ट्या आणि पुडीचा डबा घेऊन तो एका सकाळी बैलगाडीतून उतरला. सुट्टीत तिथे सशांना पाला घालायला कोणी नसते, एवढेच कारण. पिंजरे मागच्या परसात, विहिरीजवळच्या सावलीत ठेवले. परसाला आमच्या घरी तमिळमधलाच शब्द होता, कोल्लै. ती सकाळ आठवली की पाल्याचा ओला वास आणि आतून येणारा कॉफीचा वास अजून एकत्रच आठवतात.

सशांवरचा प्रयोग मात्र दिरासाठी होता. तो पितळी समयांच्या दुकानात विक्रेता होता आणि दुसऱ्याच्या समया पुसण्यात आयुष्य घालवायचे नाही, असे त्याने ठरवले होते. भातावरच्या किडीसाठी एका कंपनीने नवी पूड काढली होती. तिची एजन्सी त्याला मिळण्यासारखी होती. अडचण इन्नंबूरच्या जमीनदारांची होती. पूड फडक्यात बांधून ती पिकावर झटकणारी माणसे उघड्या अंगाने काम करत. अंगावर पडून ती बाधत नाही असे कॉलेजातल्या कुणी लिहून दिले, तरच जमीनदार ती घेणार होते. कावेरीचे पाणी सुटण्याआधी हे व्हायला हवे होते.

दिराने आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. त्याने हात पुढे केला.

"वैनी, दिवसभर चोळून ठेवली होती. हात गळून पडला का बघा."

"कातडीवर डाग पडला असता तर बरं जालं असतं," नवरा म्हणाला. "माणूस सावध होतो. डाग न पाडता आत जाणारं विष वाईट. ते सशाला विचारायला हवं."

"विचार की अण्णा. मराठी कळलं नाही तर तमिळमधून विचार."

पद्धत ठरलेली होती. आदल्या दिवशी सशाच्या पाठीवरचे केस कात्रीने अगदी बारीक कापायचे, कातडीला ओरखडा येऊ द्यायचा नाही. पूड पाण्यात कालवून त्या जागी लावायची, वर कापडाची पट्टी पोटाभोवती गुंडाळायची, म्हणजे ससा ती चाटू शकत नाही. एका दिवसाने पट्टी सोडून पाठ कोमट पाण्याने धुवायची. मग दोन आठवडे बघत राहायचे : खातो का, वजन उतरते का, थरथरतो का, मरतो का. चौघांना पूड लावली, दोघांना नुसते पाणी. पट्ट्या माझ्या जुन्या लुगड्याच्या होत्या, कारण बाजारच्या कापडाला खळ होती.

सासूबाई पायरीवर बसून हे बघत होत्या. "स्वामीमलैला जावळ काढायला नेलं होतं काय रे यांना? न्हाव्यानं डोकं सोडून पाठच भादरली."

शुक्रवारी पूड लावली. शनिवारी दुपारपर्यंत सगळे ससे पाला खात होते. दीर दुकानातून दोनदा येऊन बघून गेला. दुसऱ्या खेपेला तो शिट्टी वाजवत होता.

रविवारी सकाळी पूड लावलेल्यांतला एक ससा थरथरत होता. पांढरा, सासूबाईंच्या आवडीचा. त्याला झटके येऊ लागले, आणि आमची कॉफी व्हायच्या आत तो मेला. नवऱ्याने त्याची पाठ बघितली. कातडी स्वच्छ होती, पण भोवतीचे केस एकमेकांना चिकटले होते. त्याने बोट लावून वास घेतला.

"तिळाचं तेल. कुणी लावलं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "सारखा पाठ घासत होता पिंजऱ्याच्या गजाला. पट्टी जरा सरकवली आणि लावलं. शनिवार होता."

आमच्याकडे शनिवारी पुरुषांना तेल लावून न्हाऊ घालण्यात कधी खंड पडत नसे. त्यांनी सशालाही घरातला धरले होते.

दिराचा चेहरा उजळला. "म्हणजे तेलानं गेला. पुडीनं नाही. अण्णा, हा धरू नको. बाकीचे तीन बघ कसे खातायत."

"तेलानं ससा मरत नाही. ती पूड पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते आणि तेलाबरोबर कातडीतून आत जाते."

"पण कातडीला तेल लावा असं कंपनीनं कुठं म्हटलंय?"

नवरा ससा कापडात गुंडाळत होता. मान वर न करता त्याने विचारले, "इन्नंबूरला शनिवार नसतो का?"

चिखलात उतरण्याआधी तिथली माणसे हातापायांना तेल चोळतात, हे दिरालाही माहीत होते.

एका सशावर निकाल देता येत नाही, म्हणून साक्कोट्टैहून आणखी तीन ससे आणले. दोघांना तेल आणि पूड, एकाला नुसते तेल. सासूबाईंनी हात लावायला नकार दिला. "एक गेला माझ्या हातून, पुरे." नवऱ्याने तेलाची वाटी उचलली, तेव्हा दीर म्हणाला, "दे इकडं. तुझ्या हाताला मोजून लावायची सवय. शेतावरचा माणूस मोजत नाही."

त्याने बाह्या वर केल्या आणि शेतमजूर पोटरीला चोळतो तसे भरपूर तेल चोळले. मी ससा धरला होता. पट्टीची गाठही त्यानेच मारली.

पूड लावलेले दोन्ही ससे गेले. नुसत्या तेलाचा राहिला.

कंपनीचा माणूस मद्रासहून आला. दिराने त्याला ओसरीवर बसवले, कॉफी दिली आणि पुडीचा डबा समोर ठेवला. बोलणे तमिळमध्ये झाले. त्या माणसाचे म्हणणे असे की, कोरड्या अंगाने वापरावी असे डब्यावर छापू, कॉलेजनेही तेवढेच लिहावे. ते खोटे ठरले नसते. तेलाशिवाय पूड लावलेले तिन्ही ससे पिंजऱ्यात उड्या मारत होते. नवऱ्याने दिराकडे बघितले. उत्तर त्याने द्यायचे होते.

"छापा," दीर म्हणाला. "पण वाचणारा डबा उघडत नाही. आणि उघडणारा वाचत नाही. दुसरा कोणी बघा."

माणूस डबा घेऊन गेला. दीर आत आला आणि उभ्यानेच म्हणाला, "वैनी, वाढा. दुकानात उशीर जाला तर मालक ओरडतील."

त्या दिवशी दहीभात होता. सासूबाईंनी लोणच्याची बरणी त्याच्या पानाशेजारी आणून ठेवली आणि तिथेच बसून राहिल्या.