कसर लागलेला शालू

भिवंडीत जन्मलेल्या प्रत्येकाला कापडातलं कळतं, असा इथे समज आहे. लग्नाला आलेला पाहुणा आधी नवरीच्या साडीचा पदर दोन बोटांत चुरगाळतो आणि मग अक्षता टाकतो. भिवंडीला लागूनच असलेल्या आमच्या काल्हेरच्या घरात हा मान माझ्या आत्याचा. तिच्या सासरी लूम, म्हणजे यंत्रमाग होते, सगळे पॉलिस्टरचे. पण त्या खडखडाटात राहून आपल्याला रेशमाची नजर आली, असं तिला वाटायचं आणि तिला अडवायची कोणाची टाप नव्हती.

आई लग्न होऊन घरात आली त्याच दिवशी आत्याने तिचा जांभळा शालू चुरगाळला आणि निकाल दिला, "वयनीच्या बापाला दुकानदारानं फसवला. यो रेशीम न्हाय."

आईचे वडील आतल्या खेड्यातले, भातशेती करणारे. मुलीला खरं रेशीम द्यायचं या एका हट्टापायी दोन वर्षं त्यांनी स्वतःला नवा सदरा शिवला नव्हता. आत्याने लगेच उपायही सांगितला. पदरातला एक धागा काढून जाळायचा. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम खरं, वितळून गोळी झाली तर नकली. आई म्हणाली, "लग्नाचा शालू हाय, त्याला काडी न्हाय लावायची." झालं! नकार म्हणजे कबुली, हे आमच्या घरात ठरूनच गेलं. पुढे पन्नास वर्षं प्रत्येक लग्नात आत्या हसत हसत विचारायची, "वयनी, तुजा रेशमी शालू न्हाय का नेसलीस?" आई सुती साडीचा पदर खोचून कामाला लागायची.

मी विज्ञानाचा शिक्षक. वर्गात दरवर्षी रेशमाच्या किड्याचं आयुष्य फळ्यावर काढतो. तुतीचा पाला खाऊन गलेलठ्ठ झालेली अळी तोंडातून एकच अखंड धागा काढते, डोकं इंग्रजी आठाच्या आकारात फिरवत तो स्वतःभोवती गुंडाळते, आणि आता निवांत पंख फुटू द्यावेत म्हणते तोवर माणूस तिचा कोष उकळत्या पाण्यात टाकतो. मुलं हळहळतात, मी त्यावर चार मार्कांचा प्रश्न काढतो. घरातल्या शालूचा प्रश्न मात्र मी कधी हातात घेतला नाही. खरं सांगायचं तर आत्याचंच बरोबर असणार, असं मीही धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी माझ्या मुलाच्या साखरपुड्याआधी आईची पेटी उघडली. तिच्यात डांबराच्या गोळ्या ठेवायचं काम माझं होतं, आणि ते मी किती वर्षं केलं नव्हतं हे सगळ्यांना दिसलं. शालूची चाळण झाली होती, जरीचे काठ तेवढे शाबूत. त्याच्याखाली आत्याने वास्तुशांतीला दिलेली पोपटी 'प्युअर सिल्क' साडी कालच दुकानातून आणल्यासारखी झगमगत होती. आत्या हजर होतीच.

"बघ! नकली मालाला कसर लागली. माजे साडीला हाय का एक तरी भोक?"

मी शालू कागदावर झटकला. तांदळाच्या दाण्याएवढ्या नळ्या खाली पडल्या आणि त्यातली एक चालायला लागली. कसरीची ही अळीसुद्धा तोंडातून रेशीम काढते, स्वतःपुरती नळी विणते आणि जे कापड खाते त्याचेच बारीक तुकडे तिला बाहेरून लावते. ते घर अंगावर घेऊनच ती हिंडते. पोट भरलं की आत शिरून दोन्ही तोंडं बंद करते, आणि नळीचाच कोष होतो. कागदावरच्या सगळ्या नळ्या जांभळ्या होत्या. पोपटी एकही नव्हती.

"आत्या, ही अळी लोकर खाते, रेशीम खाते. पॉलिस्टर तिला पचत नाही. एकाच पेटीत तिला दोन ताटं वाढली होती, तुझ्या ताटाला तिने तोंडही लावलं नाही."

"किड्याला काय कलतंय कापडातलं!" असं म्हणून आत्या चहा न घेताच निघून गेली. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडलं.

मला अगदी गुदगुल्या होत होत्या. आई मात्र ती चाळण मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हणालो, "तेव्हाच एक धागा जाळायला दिला असतास, तर पन्नास वर्षं ऐकून घ्यावं लागलं नसतं."

"आरं, जळायचं भ्या न्हवतं मला," आई म्हणाली. "गोळी झाली आसती तर? मलाबी वाटायचं, बाबांना फसवलंच आसंल. आजारी पडले तवा दरवेळी इचारायचे, शालू नेसतेस का गं? मी हो म्हणायची. लग्नानंतर एकदाबी न्हाय नेसला रे."