मामांची बिनपाटीची शाळा

वाचता न येणारा माणूस समोर आला की ज्याच्या तोंडाला पाणी सुटतं असा अख्ख्या मराठवाड्यात एकच इसम असेल, आणि नेमका तो नात्यानं माझा मामेसासरा लागतो. लोकांचं पिकलेला आंबा पाहून जे होतं, ते आमच्या मामांचं कागदावर उमटलेला अंगठा पाहून होतं. एसटीत कंडक्टर म्हणून पैठणच्या रस्त्यावर त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर मुकुंदवाडीत दोन खोल्यांचं घर बांधलं, दारात कढीपत्ता लावला, आणि तो मागायला आलेल्या पहिल्याच शेजारणीला 'क' शिकवून परत पाठवलं. कढीपत्ता द्यायचा मात्र राहून गेला. ती बिचारी फोडणी करपत ठेवून आली होती.

पाटी-पेन्सिलीचं त्यांना भारी वावडं. "पाटी दिसली की म्हातारं माणूस बुजतं हो जावईबापू," ते मला सांगायचे, "जनावराला दावं दाखवून बोलावतात व्हय कुणी? वैरण दाखवायची!" वैरण म्हणजे जे हाताशी असेल ते. भाजीवालीची टोपली हीच त्यांची बाराखडी. दुधी हातात घेतला की "ह्यातला दु ओळखा, मग भाव करू" म्हणायचे. गिरणीत दळणाच्या डब्यावर खडूनं ज्याचं त्याचं नाव लिहायचं आणि ज्याला स्वतःचा डबा वाचून ओळखता येईल त्याचं दळण आधी, हा नियम त्यांनी गिरणीवाल्याच्या गळी उतरवला होता. दवाखान्यात गेले तर स्वतःचा खोकला विसरून बाकावरच्या बायकांना गोळ्यांची पाकिटं वाचायला लावत. एका दिवाळीत तर त्यांनी गल्लीतल्या बायकांसाठी चकलीच्या सोऱ्यातून अक्षरं पाडली. कढईत 'ख' सोडला तो तेलात फुटला आणि त्याचे 'र' आणि 'व' झाले. मामा जराही डगमगले नाहीत. झाऱ्यानं दोन्ही तुकडे निथळून ताटात ठेवत म्हणाले, "बघा, एकाच्या खर्चात दोन आले!"

ह्या विद्यादानाचे परिणाम नेहमी गोडच व्हायचे असं नाही. त्यांच्या गल्लीत राहणाऱ्या एक बाई मामांच्या लाडक्या विद्यार्थिनी. त्यांच्या पुतण्याचं लग्न बिडकीनला होतं. अक्षता पडायला अवकाश होता म्हणून मामांनी मांडवातच त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं आणि लग्नपत्रिका त्यांच्या हातात दिली. बाईंनी नवरदेवाचं नाव वाचलं, नवरीचं वाचलं, मुहूर्त वाचला. मामांची छाती फुगत चालली. मग त्या खालच्या 'आपले विनीत'पाशी आल्या, बोटानं एकेक नाव चाचपलं, आणि एकदम ताठ झाल्या. थोरल्या भावाचं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं नाव, धाकट्याच्या खाली छापलं होतं. "इतकी वर्षं असंच छापत होते व्हय हे लोक?" म्हणून त्यांनी जो पदर खोचला, की मंगलाष्टकं अर्धा तास थांबली. नवरदेवाचा बाप मुंडावळ्या बांधलेल्या पोराला सोडून ओरडत फिरत होता, "हिला वाचायला शिकवलं कुणी?" मामा तेव्हा आचाऱ्यापाशी उभे राहून वांग्याच्या भाजीचं कौतुक करत होते.

पण गावभर शाळा भरवणाऱ्या ह्या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र एक पक्का नापास बसलेला होता, तो म्हणजे आमच्या सुमनमामी. मामी पैठणजवळच्या एका खेड्यातल्या. भावांना शाळेत घातलं आणि हिला शेरडांमागं. बाई जात्याच हुशार, बोलणं धारदार. मामांनी लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून खटपट केली. मामींनी दाद दिली नाही. "तुमचं शिकवणं मला नको," त्या म्हणायच्या, "तुमची कंडक्टरकी. पुढं सरका, पुढं सरका! आपण दारात लोंबकळत राहायचं." एकदा मामांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मामींनी त्या गरम पाण्यानं सोडवल्या आणि मनाला येईल तशा पुन्हा लावून टाकल्या. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा मामांनी माझ्यासाठी स्वतः चहा केला. पहिल्याच घोटाला मला ठसका लागला. चहात दोन चमचे मीठ होतं. मामी उंबऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. "वाचून घातलं ना?" त्या म्हणाल्या, "मग बरोबरच असंल."

हे असंच चालायचं, पण मामांना मोतीबिंदू झाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसरा आधीच धुरकट. डॉक्टरांनी वाचायला सक्त मनाई केली आणि नवा चष्मा दीड महिन्यानं मिळेल असं सांगितलं. ज्या माणसाला भेळेचा कागद वाचल्याशिवाय भेळ पचत नाही त्याला दीड महिना! मी भेटायला गेलो तर मामा हिरवी पट्टी लावून खाटेवर तळमळत होते. सगळ्यांत मोठी काळजी पेपरातल्या निधनवार्तांची. आपले डेपोतले सोबती कोण आहेत, कोण गेले, हे रोज सकाळी कळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. मी कामावर जाणारा, शेजारी आपापल्या घाईत. शेवटी मामीच पेपर घेऊन खाटेपाशी बसल्या.

"मला वाचता येत नाय, पण दिसतंय तर चांगलं," त्या म्हणाल्या. "मी दिसंल ते सांगते, तुम्ही काय ते ओळखा. हं. एक उभी काठी, तिला डावीकडं पोट."

"व," मामा म्हणाले.

"पोटात तिरपी रेघ हाय."

"मग तो ब! पोट चिरलं की ब."

"पुढं नुसती काठी. मग परत त्योच पोट चिरलेला, खाली शेपूट."

मामा उठून बसले. "बाबू! पुढं बघ, पुढं!"

"पुढं एक वाकडी मुंडी, त्याला तिरपा पाय. मग काठी. मग बिनचिरलेला पोटवाला."

"बाबूराव!" मामा कळवळले. "अरे देवा, आपला बाबूराव ड्रायव्हर गेला!"

"आडनाव तर बघू द्या!" मामी कडाडल्या. "आधीच मारू नका माणसाला!"

आडनाव दुसरंच निघालं. बाबूराव ड्रायव्हर त्याच संध्याकाळी मोसंब्या घेऊन मामांना भेटायला आला, आणि मामांनी त्याला इतकी घट्ट मिठी का मारली हे त्या बापड्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग रोज सकाळी हाच कार्यक्रम. डोळे मामींचे, अक्षरं मामांची. थोड्याच दिवसांत मामी पोट आणि काठ्या सांगायच्या थांबल्या. "ह्यो ब, ह्यो र," असं आपसूक म्हणायला लागल्या, मग अख्खा शब्द. एका सकाळी तर त्यांनी एक पूर्ण बातमी अडखळत वाचून काढली आणि कुणा अनोळखी माणसासाठी "लई वाईट झालं बाई" म्हणून पदर डोळ्याला लावला. मी आनंदानं काहीतरी बोलणार, तेवढ्यात मामांनी माझा हात दाबला. नंतर फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा कुजबुजले, "बोलू नका, जावईबापू. ती शिकायलीय हे तिला कळलं तर बंद करंल ती." आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवताना ज्यांचं तोंड मिटलं नाही ते मामा त्या दीड महिन्यात मुकाट्यानं ऐकत राहिले. मला वाटतं, मास्तर म्हणून ते खरे तेव्हाच उत्तीर्ण झाले.

चष्मा मिळाला त्याच आठवड्यात एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. मांडणीवरची, माळ्यावरची सगळी भांडी मामींनी खाली काढून भोवती मांडली होती. त्यांच्या लग्नात आलेली ती भांडी, देणाऱ्याचं नाव काठावर टिंबाटिंबांनी कोरलेली. मामी एकेक उचलून उजेडाकडे धरत होत्या. हे परातीवरचं थोरल्या काकाचं, हे आजोळच्या मामाचं, हे गावच्या पाटलांचं. शेवटी त्यांनी पाण्याचा पितळी तांब्या हातात घेतला. त्यावर बराच वेळ बोट फिरवत राहिल्या.

"चि. सुमन हीस," त्यांनी सावकाश वाचलं, "आई कौ... कौसाबाई."

मामा दारात उभे होते. मामी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "सासरी येताना आई कानात म्हणली होती, ह्या भांड्यांत एक माझं हाय, कुणाला न सांगता घेतलंय. तांब्या हाय म्हणली, पण तसले पाच-सहा आलेले; त्यातला कंचा, ते तिलाबी सांगता येईना. दुकानदारानं नाव घातलं, तिला कुठं वाचता येत होतं?"

"मला विचारायचं की गं," मामा म्हणाले.

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही तिथंच शाळा भरवली असती."

मामा हळूच खाली बसले, तांब्याकडे बघत राहिले. "साऱ्या रस्त्यानं पाट्या वाचत हिंडलो," ते पुटपुटले, "आणि घरात रोज ह्याच्यातनं पाणी प्यालो. भांडी कधी घासली असती तर दिसलं असतं."

तांब्यावरची टिंबं अर्धी पुसट झाली होती. चिंचेनं रोज घासून घासून आईचं नाव मामींच्याच हातानं झिजलं होतं. त्यांनी तांब्या नुसत्या पाण्यानं विसळला, पदरानं पुसला आणि देवाच्या फळीवर ठेवला.

मग मामांनी मांडणीखालचं एक पातेलं ओढून पुढं केलं. "ह्याच्यावर कुणाचंय?" त्यांनी विचारलं, अगदी हलक्या आवाजात. मामी पातेलं उजेडात फिरवून एकेक अक्षर लावू लागल्या. नवाकोरा चष्मा मामांनी केव्हाच काढून मांडीवर ठेवला होता.