आलं, अडखळलं, नाही आलं

चष्म्याच्या दुकानात पुढे काउंटरवर बसतात ते मालक आणि मागच्या खोलीत पडद्याआड काचा बसवते ती आत्या. खरं तर ती आत्या एकाच मुलीची, भावाच्या मुंगीची. पण मुंगी लहान असताना शाळा सुटली की दुकानात यायची आणि "आत्या, आत्या" करत पडद्याखालून आत घुसायची. त्यामुळे मालकांपासून समोरच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांचीच ती आत्या होऊन बसली. मालक तिच्याहून वयाने चांगले मोठे, पण तेही आत्याच म्हणतात.

काम तसं डोळ्यात तेल घालून करायचं. गिऱ्हाइकाच्या नंबरची गोल काच घ्यायची, तिचा मध्य बरोबर बुबुळासमोर येईल अशी पेनाने खूण करायची, काच मशीनमध्ये लावायची आणि मशीन पाणी उडवत ती फ्रेमच्या आकाराची कापेपर्यंत थांबायचं. त्या वेळात हात रिकामे असतात. आत्याचं जे काही बिनसलं, ते या रिकाम्या हातांमुळे.

घरात तिचा भाऊ मालाची गाडी घेऊन कायम रस्त्यावर. वहिनी इस्पितळात नर्स, आज सकाळची पाळी तर उद्या दुपारची. आत्याने लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं कुणी विचारलं, तर ती त्या माणसाला आधी चष्मा पुसून घ्यायला सांगायची. तेव्हा मुंगीचा अभ्यास आपसूक तिच्या गळ्यात आला, आणि खरं सांगायचं तर तिने तो हौसेने घालून घेतला.

मुंगी हे नाव आत्यानेच पाडलेलं. पोरगी रांगायची तेव्हापासून बटणं, झाकणं, पेन्सिलींचे तुकडे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन रचत बसायची. दहावीत आली तेव्हा मात्र तिच्या डोक्यावर खरंच मुंगीसारखं, वजनाच्या कितीतरी पट ओझं आलं. शाळा नावाजलेली, आणि नावाजलेल्या शाळांना पोरांचा श्वास मोकळा दिसला की करमत नाही. प्रकल्प एका ठिकाणी, गृहपाठ दुसऱ्या ठिकाणी, सूचना तिसऱ्या ग्रुपवर, गुण पोर्टलवर. मुंगी एकदा जेवता जेवता रडायला लागली. रडण्याचं कारण काय, तर कुठला गृहपाठ कुठे पाठवायचा तेच तिला आठवेना.

आत्याने पदर खोचला. महिनाभर ती फोनशी झटापट करत होती. सुरुवातीला कॅलेंडरमध्ये तारीख टाकायला जायची आणि फोनचा आवाजच बंद करून बसायची. पण काचेची खूण केसभर हलू न देणारी बाई ती, सोडते थोडीच! विषयवार रंग लावलेलं कॅलेंडर, आदल्या दिवशी आठवण करणारी कामांची यादी, वहीच्या पानाचा स्वच्छ फोटो काढून पाठवणारं स्कॅनर, अभ्यासाच्या वेळात फोनला कुलूप घालणारं घड्याळ, असं सगळं तिने बसवलं. सगळे पासवर्ड तिच्याकडे. मुंगी रात्री वेळेवर झोपायला लागली. बातमी पसरली तशा इतर आया दुकानात चकरा मारू लागल्या. शाळेने तर तिला पालकांसमोर उभं करून माहिती द्यायला लावली. दहावीला विज्ञानात गचकून शाळा सोडलेली बाई शाळेच्या सभागृहात माइक धरून बोलली. हरभऱ्याच्या झाडावर चढायला माणसाला एवढं पुरतं.

या सगळ्यात मुंगीचं लाडकं होतं ते पाठांतराचं ॲप. एका बाजूला प्रश्न, उलटलं की उत्तर, आणि खाली तीन बटणं: आलं, अडखळलं, नाही आलं. 'आलं' दाबलं की ते कार्ड लांब जायचं, आठवड्याने, मग महिन्याने तोंड दाखवायचं. 'नाही आलं' दाबलं की लगेच पुन्हा दारात हजर. जे येतं त्यात वेळ घालवायचा नाही, ही त्याची युक्ती. शिवाय रोज न चुकता कार्डं केली की वर एक साखळी वाढत जायची.

मुंगीला ताप आला तेव्हा तिने अंथरुणातूनच सांगितलं, "आत्या, तेवढी साखळी तुटू देऊ नकोस गं. माझंच खातं तुझ्या फोनवर पण चालतं."

आत्याने दुसऱ्या दिवशी मशीन काच कापत असताना ॲप उघडलं. पहिली काही उत्तरं बघून बघून 'आलं' दाबलं. पण दोन दिवसांत गंमत झाली, उत्तरं खरोखरच यायला लागली. पेशीचं ऊर्जाकेंद्र कोणतं? तंतुकणिका. मुळांकडून पाणी वर नेणारी ऊती? जलवाहिनी. पानातलं अन्न सगळीकडे पोचवणारी? रसवाहिनी. 'आलं' दाबलं की हिरवी बरोबरची खूण उमटायची. ज्या विषयाने वर्गासमोर तिची लाज काढली होती, तोच विषय आता हिरवा हिरवा होऊन तिला शाबासकी देत होता.

मुंगीचा ताप गेला. आत्याचा हात मात्र ॲपवरून हटला नाही.

ती मनाशी म्हणायची, सोपी सोपी तेवढी आपण उरकू, पोरीला तेवढाच आराम. मग सोपी संपली. मशीन लावलं की फोन बाहेर. मुंगी संध्याकाळी ॲप उघडायची तेव्हा ताटात चार शितं उरलेली असायची. "आत्या, बघ ना, आज एवढीच! म्हणजे मला बरंच यायला लागलंय," असं ती आनंदाने सांगायची, आणि आत्या म्हणायची, "येणारच, माझी मुंगी आहे ती." असं म्हणताना ती स्वतःचा फोन उलटा करून ठेवायची.

सहामाहीत मुंगी विज्ञानात आपटली. थोडीथोडकी नाही, दाणकन. ज्या प्रश्नांच्या कार्डांवर हिरवी खूण होती नेमके तेच तिने कोरे सोडले होते.

शाळेने बोलावलं. वहिनीची पाळी होती, तेव्हा आत्या गेली. विज्ञानाच्या बाई आवाजाने मऊ होत्या, आणि तेच वाईट झालं. मुंगीच्या फोनवरची ती लांबलचक साखळी बघून त्या म्हणाल्या, "हिच्या मेहनतीला तोड नाही हो. एक दिवस खंड नाही. पण एवढं करूनही लक्षात राहत नसेल, तर... प्रत्येकाचा एक पल्ला असतो. पुढच्या वर्षासाठी विज्ञान सोडून दुसरं काही निवडलं तर तिला सोपं जाईल. तुमच्यासारखं पाठीशी उभं राहणारं माणूस आहे, ते तिचं नशीब."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे भर दुपारचं ऊन पडलं होतं. आत्याला तिथल्या तिथे सगळं लख्ख कळलं. ॲपने डोळे तपासले होते आत्याचे आणि चष्मा चढवला होता मुंगीच्या नाकावर. पोरीला फळा दिसणार कसा? सांगायची वेळ हीच होती. बाई समोर, मुंगी शेजारी, तोंडात जीभ शाबूत. आणि आत्या काय म्हणाली? "बघते हं, घरी बोलते." वर बाईंना नमस्कार केला. जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं तिला वाटलं. पण जमिनीलाही तिची किळस आली असावी.

रस्त्यात मुंगी म्हणाली, "माझ्या डोक्यातच काहीतरी खोट आहे, आत्या. ॲप म्हणतं येतंय, आणि पेपर हातात आला की काहीच नाही. जसं काही मी ते कधी वाचलंच नाही."

आत्याने तिची पिशवी आपल्या हातात घेतली. तेवढंच तिला जमलं.

मुंगीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. गल्लीतल्या लंगड्या कुत्र्याच्या पायाला पट्टी बांधून ती शाळेला जायची. आता कुत्रं दारात येऊन बसलं तरी ती त्याच्याकडे बघेना. वहिनी आत्याला म्हणाली, "तुम्हीच समजवा तिला, वन्सं. माझ्यापेक्षा तुमचं ऐकते ती." आत्या मान हलवायची. दुकानात तिने एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली आणि मालकांची बोलणी खाल्ली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला बोललं आणि तिला ते बरं वाटलं. फोन तिने खणात टाकून दिला होता. पण फोनला शिक्षा देऊन कुणाचं भलं होणार होतं?

अकरावीला कोण काय घेणार ते शाळा आधीच पोर्टलवर भरून घेत होती. ती मुदत संपत आली तेव्हा एक दिवस मुंगी शाळा सुटल्यावर सरळ दुकानात आली. आता पडद्याखालून येण्याएवढी लहान राहिली नव्हती. पडदा बाजूला करून आली आणि स्टुलावर बसली.

"पोर्टल उघड ना, आत्या. पासवर्ड तुझ्याकडेच आहे. विज्ञान काढून टाक."

मशीनमध्ये काच होती, पाणी उडत होतं. आत्याने खणातून फोन काढून पोर्टल उघडलं. विषयासमोरची खूण एका बोटाने जाणार होती. तिचं बोट वर तसंच राहिलं.

"मुंगे, ती कार्डं मी करत होते."

"माहितीये, तापात."

"तापानंतर पण. रोज. इथे बसून. तुला काही येईनासं झालेलं नाही बाळा, तुला ती कार्डं दिसलीच नाहीत. मी 'आलं, आलं' करून ती तुझ्या समोरून घालवली."

मशीन थांबलं तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"मला आराम मिळावा म्हणून?"

इथे 'हो' म्हणायची सोय होती. पोरीनेच दार उघडून दिलं होतं, आणि आत्या आत शिरली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण तिला स्वतःचाच एवढा वीट आला होता की आणखी एक खोटं बोलवेना.

"सुरुवातीला तसंच म्हणायचे मनाशी. पण खरं ते नाही. मला आवडायला लागलं गं. मला सगळं यायला लागलं होतं. बरोबरची खूण आली की मला बरं वाटायचं."

"आणि बाई बोलत होत्या तेव्हा? तू शेजारीच बसली होतीस."

"हो."

"मी आईला म्हटलं होतं, मला डोक्याच्या डॉक्टरकडे ने," मुंगी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर आत्याला सोसला असता. "आई रडली होती. तुला कुणी सांगितलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून."

तिने उठून आत्याच्या हातातून फोन घेतला आणि तिथेच उभ्याने सगळे पासवर्ड बदलले. एकेक करून आत्या कॅलेंडरमधून बाहेर पडली, याद्यांमधून बाहेर पडली, पोर्टलमधून बाहेर पडली. मग फोन टेबलावर ठेवून मुंगी गेली. पुढून मालकांनी विचारलं, "काय गं मुंगे, आज एवढ्यात?" तिने काय उत्तर दिलं ते मागे ऐकू आलं नाही.

घरात मग बोलणं कामापुरतं राहिलं. मीठ दे, दिवा बंद कर. आत्याने वहिनीलाही सगळं सांगितलं, स्वतःहून. वहिनी भांडली नाही. आता बोलून काय होणार, एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून पाळी बदलून संध्याकाळी घरी राहू लागली. ते आत्याला जास्त लागलं. मुंगीने विज्ञान सोडलं नाही हेही तिला वहिनीकडूनच कळलं, तेही भाजी निवडता निवडता, शेजारणीला कळावं तसं. वाईट वाटून घ्यायचा आपल्याला हक्क नाही हे आत्याला कळत होतं. तरी वाटलंच. अजूनही आया दुकानात यायच्या, "आत्या, तेवढं ॲप बसवून द्या ना." ती म्हणायची, "मला नाही येत ते." बायकांना वाटायचं, हिला भाव खायचाय.

एका रविवारी सकाळी आत्या खिडकीशी बसून वहिनीच्या चष्म्याचा ढिला स्क्रू आवळत होती. मुंगी आली आणि समोर जमिनीवर बसली. तिने फोन पुढे केला. तिने सगळी कार्डं पुसून पहिल्यापासून सुरू केली होती. हिरवं म्हणावं असं फारसं काही नव्हतं.

"आईला आज वेळ नाहीये," ती म्हणाली. "तू प्रश्न वाच. उत्तर सांगायचं नाही. चेहऱ्यावर पण दाखवायचं नाही. बटण मी सांगेन तेच दाबायचं."

आत्याने हात पदराला पुसून फोन घेतला. काही कार्डं मुंगीला आली, काही अडखळली. मग आत्याने वाचलं, "पानात तयार झालेलं अन्न वनस्पतीच्या इतर भागांत कोण पोचवतं?"

मुंगीने डोळे मिटले. "जलवाहिनी... नाही. ती पाणी नेते. दुसरी आहे एक. थांब."

उत्तर आत्याच्या जिभेच्या टोकावर होतं, हिरवं, तयार. आयुष्यात इतकं पक्कं तिला दुसरं काही येत नव्हतं. तिने ओठ घट्ट मिटले आणि चेहरा खिडकीकडे वळवला, कारण चेहऱ्यावर तिचा भरवसा नव्हता. मुंगी बराच वेळ कपाळ चोळत राहिली.

"नाही आलं," ती शेवटी म्हणाली. "दाब."

आत्याने खाली बघितलं. इतके दिवस ती हे ॲप वापरत होती, पण त्या तिसऱ्या बटणावर तिचं बोट आजवर एकदाही गेलं नव्हतं. तिने ते दाबलं आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.