मालावर बसलेला महादू

मंडळी, ट्रकभर हळद सांगलीहून कराडला पोचवायची खरी किंमत म्हणजे ट्रकचं भाडं आणि महादू हमालाचा उजवा पाय. पोती चोरीला जाऊ नयेत म्हणून शेठनी त्याला मालावर बसवलं होतं. मलकापूरजवळ ट्रक आदळला आणि तो पोत्यासकट खाली आला. आता ओझं उचलणं संपलं.

आज त्याच्या बायकोबरोबर भरपाई मागायला गेलो.

शेठ पानाला चुना लावत म्हणाले, "आमचे हमाल म्हणजे आमच्या घरचीच माणसं. पण भरपाई कसली? तेव्हा तो काम कुठं करत होता? नुसता बसला होता."

"आवं, बसायलाच तुमी धाडलं हुतं न्हवं?" महादूची बायको म्हणाली.

शेठनी पान तोंडात घातलं. मला शिसारी आली, पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठलो. मंडळी, तुमच्या पेढीवर मालावर बसणं हे काम धरतात का, सांगा.

पडलेलं पोतं अपघाताच्याच दिवशी शेठची जीप जाऊन घेऊन आली. प्लॅस्टरमधला महादू एस.टी.नं आला.