मागची सीट

गुणाजी भोईर एकतीस वर्षं एस.टी. चालवून खोपटच्या डेपोतून निवृत्त झाला. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला होताच, पण एक खोडही कायमची जडली होती. कुठल्याही गाडीत बसण्याआधी तो तिच्याभोवती एक चक्कर मारायचा. भाच्याच्या लग्नात नवरदेवाच्या गाडीलाही मारली. लोक हसले, तर हसोत बापडे.

शहाण्णव साली त्याच्या धाकट्या बहिणीचा, शेवंतीचा, नवरा काळुराम मोठी गाडी घ्यायला निघाला. आजवर कुठे हळदीला जायचं तर चुलतभावाची जीप यायची. पुरुष पुढे, बाया मागच्या आडव्या बाकड्यांवर. शेवंती दरवेळी कोपर नाहीतर गुडघा सुजवून परतायची आणि विचारलं तर म्हणायची, "काय नाय रे दादा." त्या 'काय नाय'चा गुणाजीला भयंकर राग यायचा. पण बहिणीच्या सासरी बोलणार किती?

कल्याणच्या शोरूममध्ये दोन गाड्या उभ्या होत्या, एक मरून रंगाची, एक पांढरी. काळुरामने दोन्हींच्या बॉनेटवर थापा मारल्या आणि मरूनवर त्याचा जीव जडला. सेल्समन पुढच्या सीटचे पट्टे ओढून दाखवत होता, ब्रेकचं कौतुक सांगत होता. गुणाजी चक्कर मारून मागच्या दाराशी थांबला. मरूनमध्ये मागे समोरासमोर दोन आडवी बाकडी होती, धरायला काही नाही. पांढरीत मागची सीटही पुढे तोंड करून होती. तिला कमरेचे पट्टे होते, वर धरायला कड्याही होत्या.

"दाजी, शेवंती कुठं बसनार?"

"कुठं म्हंजे? मागं."

"मग आज तुमी मागं बसा. गाडी मी चालवतो."

मालक माणूस मागे बसायचा म्हणजे काळुरामचं तोंड वाकडं झालं, पण बायकोच्या मोठ्या भावाला नाही म्हणवेना. आधी मरून गाडी चालवून बघायला निघाली. शिळच्या रस्त्यावर एक म्हैस आडवी आली आणि गुणाजीने ब्रेक दाबला, रोज कुणीही दाबतो तेवढाच. मागे धाडकन आवाज झाला. काळुराम बाकड्यावरून घसरून थेट खाली आला होता.

पांढरीत त्याने न सांगता पट्टा बांधला. तिथेच पुन्हा तसाच ब्रेक लागला, आणि तो जागचा हलला नाही. शोरूमला परतताच त्याने पांढरी बुक केली.

घरी पायरी चढताना तो लंगडत होता. शेवंती पुढे धावली.

"अवं, गुडगा कुठं आपटवलाव?"

काळुराम ओटीवर बसला. मेहुण्याकडे त्याने पाहिलंच नाही.

"तुझ्या जाग्यावर बसलो व्हतो," तो म्हणाला.

शेवंती त्याच्याकडे बघतच राहिली. मग हळद गरम करायला आत गेली. गुणाजीला इतकं भरून आलं की समोर ठेवलेला चहा त्याने तसाच निवू दिला.