दुसरं बटण

कोल्हापुरातल्या एका गॅरेजमध्ये चंदेरी जपानी कूपे, दोन दारांची गाडी, उभी होती. या गाडीची पहिली पिढी चौकोनी होती, दुसरीला गोलाई आली आणि या तिसरीचं छप्पर मिटून डिकीत जातं. मला मात्र लक्षात राहिली ती तिची सीट. पहिल्या पिढीत ती दांडा ओढून सरकवावी लागे. दुसरीत मोटर आली. तिसरीत दोन चालकांसाठी दोन बटणं आली. ज्याचं बटण दाबावं, त्याच्या मापाला सीट आपोआप जाते. पिढीगणिक गाडीला माणूस अधिक कळत गेला.

मालक सबनीस निवृत्त, चांगले उंच. गाडी पती-पत्नी दोघंही चालवत. पत्नी गेल्या उन्हाळ्यात वारल्या.

"बॅटरी संपत आलीया, काका. बदलतो," मेकॅनिक म्हणाला. "सीटची सेटिंग तेवढी पुसली जाईल. परत करून घ्या की."

"माझी करीन. हिची?"

सबनीसांनी वाकून दुसरं बटण दाबलं. सीट संथपणे पुढे सरकली, जराशी उचलली आणि स्टिअरिंगजवळ थांबली. तिथे एका ठेंगण्या बाईपुरती जागा उरली होती.

"आता काढ बॅटरी."

"अवो, पण तुमी बसणार कसं? गुडघं अडकतील की!"

"मी नाही बसत. तुमच्यात बुटका कोण आहे? त्याला गाडी घरी आणून सोडायला सांग. सीट हलवायची नाही."

किल्ली मेकॅनिकच्या हातात देऊन सबनीस रिक्षा बघायला रस्त्यावर गेले.